साठी, बुद्धी नाठी आणि आमचं ‘जुनं हार्डवेअर’

आयटीत ‘लेगसी’ हा शब्द वारसा या अर्थाने कुणी वापरत नाही. लेगसी म्हणजे कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला कोड. त्याला हात लावायची कुणाची हिंमत नसते, पण निम्मी कंपनी त्याच्यावर चालते. गेली काही वर्षं हा शब्द मी माणसांबद्दल ऐकतेय. पन्नाशीच्या मॅनेजरबद्दल, अ‍ॅपमध्ये अडकून कस्टमर केअरला फोन लावणाऱ्या काकांबद्दल, फॉर्म अर्धवट सोडून देणाऱ्या मावशींबद्दल. “जुनं हार्डवेअर आहे गं, रॅम पुरत नाही.” मग सगळे हसतात आणि मीटिंग पुढे सरकते.

हे फक्त आमच्याच ऑफिसात चालतं असं नाही. २००७ मध्ये मार्क झुकरबर्गने स्टॅनफर्डमधल्या एका कार्यक्रमात, तरुण लोक सरळसरळ जास्त हुशार असतात अशा अर्थाचं विधान केलं होतं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आपल्याकडे हेच काम एक म्हण करते: साठी, बुद्धी नाठी. म्हण जुनी आणि रूपक नवं, पण दोघांचं म्हणणं एकच. मेंदू हे यंत्र आहे, ते झिजतं, आणि झिजलेल्या यंत्रासाठी कुणी खर्च करत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा माल फॅमिली ग्रुपवर येतो. साठीनंतर मेंदूचे डावे-उजवे भाग एकत्र काम करू लागतात, म्हणून खरी बुद्धिमत्ता आणि सर्जनशीलता तेव्हाच कळसाला पोचते, अशा आशयाचा तो मेसेज. खाली हात जोडलेले दहा इमोजी.

माझं म्हणणं असं की हे दोन्ही दावे चुकीचे आहेत, आणि दोन्हींची चूक एकाच ठिकाणी आहे. दोघांनाही ‘म्हातारा मेंदू’ नावाची एकच एक वस्तू अस्तित्वात आहे असं वाटतं. गेल्या तीसेक वर्षांतलं मेंदूच्या जाळ्यांवरचं संशोधन नीट वाचलं, तर अशी वस्तू सापडत नाही. जे सापडतं ते या दोन्ही गोष्टींपेक्षा जास्त अस्वस्थ करणारं आहे.

रिकामा बसलेला मेंदू रिकामा नसतो

आधी ‘विश्रांती’ म्हणजे काय ते पाहू. लॅपटॉपवर काही चालू नसलं की सीपीयू जवळपास शून्यावर येतो. मेंदूचं तसं नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. आणि तुम्ही गणित सोडवायला घेतलं म्हणून त्यात फार भर पडत नाही; वाढ होते ती काही टक्क्यांचीच. म्हणजे बहुतेक खर्च तुम्ही ‘काहीच करत नसताना’ही चालूच असतो.

हा खर्च कशावर होतो याचा एक धागा १९९५ मध्ये हाती लागला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये काम करणारे भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये नुसतं स्वस्थ पडून राहायला सांगितलं. हाताची हालचाल सांभाळणारा डाव्या बाजूचा भाग आणि उजव्या बाजूचा भाग यांच्यातले संथ चढउतार एकमेकांच्या तालात चालले होते. हात तर हलत नव्हते! २००१ मध्ये सेंट लुईसच्या मार्कस रेकल यांच्या गटाने आणखी एक गोष्ट मांडली. काही भाग असे आहेत, जे आपण बाहेरचं काम हाती घेतलं की शांत होतात आणि काम संपलं की पुन्हा जागे होतात. आठवणी काढणं, उद्याचा विचार करणं, दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज बांधणं, असल्या गोष्टींशी पुढे या भागांचं नातं जोडलं गेलं. त्यांना ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात.

मेंदूचं जाळं म्हणजे हेच. दूरदूरचे भाग ज्यांच्याशी तालात चालतात, त्यांचा मिळून एक गट. पाहण्याचा गट, हालचालीचा गट, लक्ष देण्याचा गट, डिफॉल्ट गट. प्रश्न असा आहे की वय वाढतं तसं या गटांचं काय होतं?

कपलिंग आणि कोहिजन

इंजिनिअरिंगला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो: कपलिंग आणि कोहिजन यांतला फरक स्पष्ट करा. चांगल्या रचनेत एका मॉड्यूलच्या आतले भाग एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात आणि वेगवेगळी मॉड्यूल्स एकमेकांत फारशी गुंतलेली नसतात. २०१४ मध्ये टेक्सासच्या डॅलसमधल्या मिकेला चॅन, गगन विग आणि सहकाऱ्यांनी २० ते ८९ वयाच्या २१० निरोगी माणसांच्या मेंदूंबाबत जवळपास हेच मोजलं. गटाच्या आतली नाती सरासरी किती घट्ट, गटागटांमधली किती घट्ट, आणि या दोन्हींतला फरक किती. या फरकाला त्यांनी नाव दिलं ‘सेग्रिगेशन’. आपण त्याला वेगळेपणा म्हणू.

वय वाढतं तसा हा वेगळेपणा कमी होतो. आतली नाती सैलावतात आणि बाहेरची वाढतात. त्याआधी २००७ मध्ये जेसिका अँड्र्यूज-हॅना आणि सहकाऱ्यांनी डिफॉल्ट जाळ्याच्या पुढच्या आणि मागच्या भागांतला ताल उतारवयात कमी झालेला दाखवला होता. डॅलसच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. ज्यांच्या विचार-स्मरणाशी जोडलेल्या जाळ्यांत वेगळेपणा जास्त, त्यांची स्मरणशक्ती चांगली. हे नातं वयाचा हिशेब वेगळा काढल्यावरही टिकलं. म्हणजे माणसाचा जन्मदाखला बघून जे कळत नाही, ते त्याच्या जाळ्याच्या रचनेतून थोडंफार कळतं.

आता ‘साठी’चं बघा. ही घसरण साठीच्या उंबरठ्यावर सुरू होत नाही. विशी-तिशीपासून नव्वदीपर्यंत ती हळूहळू चालू असते. टिमोथी सॉल्टहाउस हे मानसशास्त्रज्ञ तर २००९ पासून सांगताहेत की वेग, तर्क, स्मरण यांच्या चाचण्यांतली घट विशी-तिशीतच दिसू लागते. हे वाचणारे तुम्ही पंचवीस-तीसचे असाल, तर ज्याला तुम्ही ‘जुनं हार्डवेअर’ म्हणता त्याच उतारावर तुम्हीही आहात, फक्त थोडे वर. आणि उतारही एकच नाही. २०१५ मध्ये हार्टशॉर्न आणि जर्माइन यांनी सुमारे ४८ हजार लोकांच्या ऑनलाइन चाचण्या तपासल्या. झटपट प्रक्रियेचा वेग विशीच्या आतबाहेर कळसाला जातो, समोरच्याच्या डोळ्यांवरून भावना ओळखणं मध्यमवयापर्यंत टिकतं, शब्दसंग्रह त्याच्याही नंतरपर्यंत वाढत राहतो. माणूस सगळ्याच बाबतींत सर्वोत्तम आहे असं एकही वय त्यात सापडलं नाही.

काम दिलं की काय होतं?

कोडची उपमा इथवरच चालते. कोडमधली मॉड्यूल्स आपापल्या जागी असतात. मेंदूची जाळी मात्र काम बदललं की मांडणी बदलतात. तरुण माणसाला अवघड काम दिलं की त्याचं डिफॉल्ट जाळं मागे सरकतं आणि लक्ष देणारी जाळी पुढे येतात. उतारवयात हे मागे सरकणं कमी होतं. जोडीला कपाळामागचा भाग जास्त पेटतो, आणि तरुणांत जे काम एका बाजूला होतं ते अनेकदा दोन्ही बाजूंना होताना दिसतं.

फॅमिली ग्रुपवरच्या मेसेजचं मूळ बहुधा इथेच असावं. २००२ मध्ये रोबेर्तो काबेझा आणि सहकाऱ्यांनी स्मरणाच्या कामात तीन गट तपासले: तरुण, चांगली कामगिरी करणारे वृद्ध आणि कमी कामगिरी करणारे वृद्ध. दोन्ही बाजू वापरत होते ते चांगली कामगिरी करणारे वृद्ध. कमी कामगिरीवाल्यांचा नमुना तरुणांसारखाच एकतर्फी होता. यावरून ‘भरपाई’ची कल्पना पुढे आली: रस्ता खराब झाला म्हणून मेंदू पर्यायी रस्ता काढतो. कल्पना सुंदर आहे. पण भरपाई करून तरुणांच्या बरोबरीला येणं वेगळं आणि त्यांच्या पुढे जाणं वेगळं. ‘कळसाला पोचते’ हे त्यात कुठेच नव्हतं. शिवाय २०१८ मध्ये अ‍ॅलेक्सा मॉर्कम आणि रिचर्ड हेन्सन यांनी केंब्रिजच्या मोठ्या समूहातल्या माहितीवर हीच कल्पना तपासली, तेव्हा कपाळामागच्या जादा सक्रियतेतून कामाबद्दल जादा माहिती मिळत नव्हती. तो भाग जास्त पेटत होता, पण त्याचा उपयोग होतोय असं दिसत नव्हतं. वाद अजून चालू आहे. मात्र ‘दोन्ही बाजू एकत्र आल्या म्हणून आजोबा जिनियस’ याला त्यात जागा नाही.

मग नक्की अडतं कुठे? २००५ चा अ‍ॅडम गॅझली आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो. लोकांना चेहरे आणि निसर्गदृश्यं दाखवली आणि सांगितलं की यातलं एकच लक्षात ठेवा, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करा. जे लक्षात ठेवायचं त्याला मेंदूत उठाव देणं वृद्धांना तरुणांइतकंच जमत होतं. जे नको ते दाबणं मात्र जमत नव्हतं. एकाग्रता संपलेली नसते. अनाहूत पाहुण्याला दाराबाहेर ठेवण्याची ताकद कमी झालेली असते.

केंब्रिजच्या त्याच समूहाला स्कॅनरमध्ये आल्फ्रेड हिचकॉकच्या एका टीव्ही-कथेचा ८ मिनिटांचा संपादित भाग दाखवला होता. तरुणांचे मेंदू गोष्टीबरोबर बऱ्याच अंशी एकसारखे हलले. वय वाढत गेलं तसा प्रत्येकाचा प्रतिसाद आपापला होत गेला. संशोधकांनी याचं नातं लक्षावरच्या ताब्याशी जोडलं. मी ते नाकारत नाही. पण यातून आणखी एक गोष्ट स्वच्छ दिसते: वय वाढतं तशी माणसं एकमेकांसारखी कमी आणि वेगवेगळी जास्त होतात. ‘सीनियर सिटिझन यूझर’ नावाचा एकच पर्सोना बनवून प्रेझेंटेशनच्या एका स्लाइडवर चिकटवणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

आकडा कुठून आला ते विचारा

माझा एक सहकारी म्हणतो, “पण डेटा तर हेच सांगतो ना, म्हातारपणी कमी होतं?” डेटा सांगतो, पण कोणाबद्दल ते बघावं लागतं. हे स्कॅनर चेतापेशींची कुजबुज थेट ऐकत नाहीत. ते रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल मोजतात. वयानुसार रक्तवाहिन्या बदलतात, त्यामुळे चेतापेशी तशाच असल्या तरी आकडा बदलू शकतो. २०१२ मध्ये जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्कॅनरमध्ये डोकं मिलिमीटरभर, किंबहुना त्याहूनही कमी हललं तरी जाळ्यांतली नाती खोटी बदललेली दिसतात. आणि वयस्कर माणसं स्कॅनरमध्ये जास्त हलतात. चांगले अभ्यास या दोन्ही गोष्टींची दुरुस्ती करतात, आणि तरीही वेगळेपणा घटल्याचं चित्र पुसलं जात नाही. म्हणून घसरण खोटी आहे असं मी म्हणत नाहीये. ती किती आणि कशामुळे, हे सांगताना ‘वय’ हा एकच शब्द पुरत नाही, एवढंच म्हणतेय.

शिवाय २०१४ च्या अभ्यासातला पंच्याहत्तरीचा माणूस म्हणजे त्याच अभ्यासातला पंचविशीचा माणूस अधिक पन्नास वर्षं, असं नाही. एक दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास जन्मला, दुसरा इंटरनेटच्या. शाळा वेगळी, अन्न वेगळं, डॉक्टर वेगळे. प्रॉडक्शनमध्ये दोन वेगळ्या सर्व्हरचे लॉग शेजारी ठेवून कुणी “हा बघा, सर्व्हर असा म्हातारा होतो” म्हणालं, तर आपण त्याला वेड्यात काढू.

वय नाही, पगार बघा

आता खरा मुद्दा. डॅलसच्याच गटाने २०१८ मध्ये वेगळेपणाचा आकडा लोकांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीशी ताडून पाहिला. ३५ ते ६४ या मधल्या वयात, ज्यांचं शिक्षण आणि व्यवसायाचा स्तर खालचा, त्यांच्या जाळ्यांत वेगळेपणा कमी आढळला. २०२१ मध्ये त्यांनी त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा तपासून झालेला बदल मांडला. पदवी नसलेल्या वृद्धांची जाळी पदवीधरांपेक्षा जास्त घसरत होती. लक्षात घ्या, हे अमेरिकेतलं आहे, जिथे ‘पदवी नाही’ म्हणजे बहुधा बारावीपर्यंत शाळा झालेली असते.

भारतात काय? ‘लासी’ नावाच्या राष्ट्रीय पाहणीला जोडून साठीपुढच्या लोकांची डिमेन्शियासाठी तपासणी झाली. २०२३ मध्ये आलेला तिचा अंदाज असा की भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, डिमेन्शिया आहे. स्त्रियांत प्रमाण जास्त, खेड्यांत जास्त, शाळेचं तोंड न पाहिलेल्यांत जास्त. ज्या पिढीत मुलींना चौथीनंतर शाळेतून काढून धाकट्या भावंडांमागे लावलं, त्या पिढीच्या बायका आज सत्तरीत आहेत. त्यांच्या विसराळूपणाला आपण ‘वय झालं’ म्हणतो. त्यातला किती भाग वयाचा आणि किती त्या काढून घेतलेल्या शाळेचा?

लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मोजली: कमी शिक्षण, बहिरेपण, उपचार न झालेली अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, हवेचं प्रदूषण, एकटेपणा वगैरे. ही सगळी दूर करता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू वा लांबू शकतात, असा त्यांचा अंदाज. यादी पुन्हा वाचा. यात हार्डवेअर कुठे आहे? शाळा आहे, कानाचं मशीन आहे, चश्मा आहे, बीपीची गोळी आहे, श्वास घेता येईल अशी हवा आहे, बोलायला माणूस आहे. ‘जुनं हार्डवेअर’ ही उपमा मला नुसती उद्धट वाटत नाही, ती सोयीची वाटते. यंत्र झिजलं म्हटलं की कुणाला जबाबदार धरावं लागत नाही.

आम्ही काय विकतो?

आमचा धंदा या बाबतीत दोन्हीकडून पैसे कमावतो. आधी भीती विकतो. मेंदूच्या खेळांचं अ‍ॅप बनवणाऱ्या ल्युमॉसिटीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने, वयानुसार होणारी घसरण खेळांनी थोपते असे पुराव्याविना दावे केल्याचा ठपका ठेवला होता. २०१६ मध्ये २० लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं. त्या धर्तीच्या जाहिराती अजून माझ्या फोनवर येतात.

आणि मग उरलेल्या वेळात जिथे अडतं नेमकं तिथेच आम्ही बोट ठेवतो. नको ते दाबून टाकणं कठीण जातं, हे वीस वर्षांपूर्वी प्रयोगात दिसलं. आता पैसे पाठवायचं कुठलंही अ‍ॅप उघडा. वर कर्जाची ऑफर सरकतेय, मध्ये स्क्रॅच कार्ड उडी मारतंय, खाली विम्याचा बॅनर, आणि ज्यासाठी आलो ते बटण गेल्या अपडेटमध्ये दुसरीकडे गेलेलं. मी पूर्वी ज्या टीममध्ये होते, तिथे एका फॉर्मचं सेशन काही मिनिटांत संपायचं आणि भरलेलं सगळं पुसलं जायचं. वेळ वाढवण्याची सोय द्या, निदान टाइप केलेलं जपून ठेवा, असं मी सुचवलं. उत्तर आलं, “सिक्युरिटी.” ओटीपी लवकर बाद व्हावा हे मला मान्य आहे, त्यामागे खरी सुरक्षितता आहे. पण पेन्शनरने हळूहळू टाइप केलेला पत्ता फेकून देण्यात कुणाची सुरक्षितता होती? वेबच्या सुलभतेचे जे जागतिक निकष २००८ पासून उपलब्ध आहेत, त्यांच्या अगदी पहिल्या पातळीवर लिहिलंय की वेळेची मर्यादा घातली तर ती बंद करण्याची, बदलण्याची किंवा वाढवून घेण्याची सोय वापरणाऱ्याला द्या. अपवाद आहेत, पण ते अपवादच आहेत. हे करायला न्यूरोसायन्स लागत नाही, एक तिकीट आणि दोन दिवस लागतात.

“आमचा यूझर बेस तरुण आहे,” हे यावरचं ठरलेलं उत्तर. तो तरुण आहे कारण बाकीच्यांना तुम्ही बाहेर काढलंय. आणि नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला निघालेल्या माणसाला यूझर बेस निवडायची सोय नसते. त्याचं पेन्शन त्याच स्क्रीनच्या पलीकडे असतं. तिथे घाबरून तो नातवाच्या, शेजारच्या मुलाच्या किंवा फोनवरच्या अनोळखी ‘साहेबां’च्या हाती फोन देतो. फसवणाऱ्यांचा धंदा आमच्या डिझाइनच्या उंबरठ्यावर चालतो, हे आम्ही कधी कबूल करणार?

वय वाढलं की काहीच बदलत नाही असं सांगणारा मेसेज मला लिहायचा नाही. बदलतं. वेग कमी होतो, जाळी एकमेकांत मिसळतात, गोंगाट सोसत नाही. पण कमी झालेला वेग ही अडचण तेव्हा होते, जेव्हा कुणीतरी घड्याळ लावलेलं असतं. घड्याळ आम्ही लावतो. गोंगाट आम्ही करतो. आणि मग ज्याला ते झेपत नाही त्याला जुनं म्हणतो.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. टेस्टिंगला सत्तरीची माणसं बोलवा, एक नव्हे दहा, आणि त्यांत चौथी शिकलेल्या बायकाही असू द्या. व्यवहार चालू असताना जाहिरात दाखवू नका. बटणं दर सहा महिन्यांनी हलवू नका. घरातल्या कुणाला ऐकू कमी येत असेल, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी कान तपासून घ्या. आणि मीटिंगमध्ये पुढच्या वेळी कुणी माणसाला लेगसी म्हटलं, तर हसू नका. त्याला विचारा, की तुझ्या अ‍ॅपमध्ये त्या माणसाला नक्की कुठल्या स्क्रीनवर अडलं, आणि ती स्क्रीन कुणी बनवली.